थोडासाच मार

चहा हवा असला की काका तोंडाने मागायचे नाहीत. उजवा हात वर करून तर्जनी छताकडे धरायचे आणि तिचं टोक बारीक गोल फिरवायचे. क्रेनच्या भाषेत त्याचा अर्थ, उचल. काकू ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असायच्या, तरी त्यांना ते कळायचं. ‘उचलते, उचलते, जरा दम धरा,’ म्हणायच्या. कप भरत आला की काकांचा पंजा आडवा व्हायचा. थांब. त्या आडव्या पंज्यापुढे काकूंचं भांडं थांबायचं, गल्लीतली पोरं थांबायची आणि एकदा तर उतारावरून मागे मागे येणारा पाण्याचा टँकर थांबला होता. त्याचा ड्रायव्हर काकांना ओळखतही नव्हता.

घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमच्या घरापासून तिसरं घर त्यांचं. मूळचे वाशीमकडचे. वीस वर्षं पुलांच्या आणि मेट्रोच्या कामावर होते. तुम्ही रस्त्याने जाताना पत्र्यांच्या कुंपणाआड उंच क्रेन पाहिली असेल. तिच्या टोकाला लोंबकळणारं लोखंडही पाहिलं असेल. पण खाली हिरव्या जाकिटात उभा राहून हात हलवणाऱ्या माणसाकडे तुमचं लक्ष गेलं असेल का, मला शंका आहे. त्याला सिग्नलमन म्हणतात. केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरला ओझ्याखाली काय आहे ते दिसत नाही. तो फक्त या माणसाच्या हाताकडे बघतो. हात म्हणेल तेव्हा उचलायचं, हात म्हणेल तिथे थांबायचं. ओझ्याच्या आसपास चार-पाच माणसं काम करत असतात. त्यांचा जीव त्या हातात असतो.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘एकच माणूस सिग्नल देईल.’ क्रेनच्या कामातला हा पहिला नियम, पण ते तो सगळीकडे लावायचे. नळावर दोघी भांडायला लागल्या की हेच वाक्य. जयंतीच्या मिरवणुकीची बैठक भरली, अकरा जण एकदम बोलायला लागले, तेव्हा काका मागून उठले, पंजा आडवा केला आणि म्हणाले, ‘बाप्पा, एकच माणूस सिग्नल देईल.’ मिरवणूक त्या वर्षी वेळेत निघाली. एरवी आमच्याकडे असं होत नाही.

मला ते ‘पत्रकवाली’ म्हणायचे. माझे बाबा छापखान्यात कामाला. प्रत्येक मोर्चात पुढे. उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांच्या पाठीवर मी गणितं सोडवली, त्यांच्या मथळ्यांवरून अक्षरं शिकले. दहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, मराठीत प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हाने संपतं. आता मी बांधकाम मजुरांच्या युनियनसाठी पत्रकं लिहिते. काका माझं प्रत्येक पत्रक वाचायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, ‘भारी आहे, पण लई ओरडते तू.’

गेल्या वर्षी मुलुंडच्या बाजूला काम चालू असताना त्यांना मार बसला. ओझं उतरवून झालं होतं. हुकाला ओझं बांधायचा रिकामा बेल्ट लटकत होता, त्याच्या टोकाला लोखंडी कडी. वाऱ्याने बेल्ट हेलकावला आणि कडी काकांच्या हेल्मेटवर बाजूने आदळली. हेल्मेट डोक्यावर होतं. रक्त आलं नाही. ते पडलेही नाहीत. क्षणभर खाली बसले, पाणी प्यायले आणि उरलेली पाळी उभं राहून पूर्ण केली. संध्याकाळी घरी येऊन काकूंना म्हणाले, ‘थोडासाच मार आहे.’

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराने डोक्याचा स्कॅन करून घेतला. सगळं व्यवस्थित. तरी दोन आठवड्यांची रजा मिळाली. काकूंनी चौकात पेढे घेतले, आम्हालाही दिले.

पण त्यानंतर काका हळूहळू वेगळे वागायला लागले. ट्यूबलाइट डोळ्यांना खुपते म्हणून अंधारात बसायचे. शेजारच्या मिक्सरच्या आवाजाने डोकं धरायचे. बोलता बोलता वाक्याच्या मध्ये थांबायचे आणि पुढचा शब्द कुठे ठेवलाय ते शोधायचे. ताटातल्या भाजीत त्यांनी मीठ दोनदा घातलं म्हणून काकूंनी हसून टोमणा मारला, तर या माणसाने ताट भिरकावलं. वीस वर्षांत त्यांनी काकूंवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. ताट भिरकावून झाल्यावर स्वतःच भांबावले आणि फडकं घेऊन पुसायला बसले.

सगळ्यात वाईट म्हणजे दोन माणसं एकाच वेळी बोलली की त्यांना काहीच कळेनासं व्हायचं. ‘एकच माणूस सिग्नल देईल’ हे वाक्य आता ते हुकुमासारखं म्हणत नव्हते, विनवणीसारखं म्हणत होते.

ती रजा संपत आली तेव्हा मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथली डॉक्टर माझ्याच वयाची असेल. तिने घाई केली नाही. आधी एकटीच बोलली, मग त्यांना बोलू दिलं. काकांनी विचारलं, ‘फोटोत काही नाही, मग मी असा काहून झालो?’ ती म्हणाली, स्कॅनमध्ये हाड दिसतं, रक्तस्राव दिसतो. पण मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागाशी बारीक लांब धाग्यांवरून बोलतो. डोक्याला हिसका बसला की ते धागे ताणले जातात. साध्या स्कॅनमध्ये ते दिसत नाही. निरोप जातो, पण उशिरा पोचतो, आणि गर्दी झाली की वाटेतच अडकतो.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली. ती आधी मलाही माहीत नव्हती. साइटवर ओझं उचलायच्या बेल्टला कधी जोरात झटका बसला, तर बाहेरून तो कितीही नवा दिसो, पुन्हा वापरायचा नसतो. आतले धागे ताणलेले असतात. कुणी चुकून घेऊ नये म्हणून तो बेल्ट सुरीने कापून टाकतात. ते त्यांनी स्वतः शेकडो वेळा केलं होतं.

‘मग मला पण कापतात का, मॅडम?’

डॉक्टर हसली नाही. म्हणाली, ‘बेल्ट स्वतःहून बरा होत नाही. माणूस होतो. बहुतेक जण काही आठवड्यांत होतात, काहींना महिने लागतात. पण तोवर पुन्हा डोक्याला मार बसायला नको, आणि डोकं दमेल असं काम नको.’ तिने तशी चिठ्ठी दिली.

साइटवर ती चिठ्ठी कुणी हातात घेतली नाही. कंत्राटदाराच्या डॉक्टरने काकांना कामासाठी फिट ठरवलं होतं. सोमवारपासून पुन्हा क्रेनखाली उभं राहायचं, नाहीतर गेटपास बंद. काकांसारखा सिग्नलमन दुसरा नव्हता आणि मोठे गर्डर उचलायची तारीख जवळ आली होती. एका बाजूला घरचं ताट, दुसऱ्या बाजूला ओझ्याखालची चार-पाच माणसं. काका त्या दोन्हींच्या मध्ये उभे होते.

इथे मी माती खाल्ली.

मी त्याच रात्री पत्रक लिहिलं. मोठ्या अक्षरात मथळा टाकला, ‘कामगाराची कवटी फुटली, कंपनी गप्प!’ खाली आणखी बरंच. कवटी फुटली नव्हती हे मला माहीत होतं. पण ‘थोडासाच मार’ असा मथळा कुठे असतो का? शनिवारी सकाळी मी ते गेटवर वाटलं. अर्ध्या तासाने सेफ्टी ऑफिसरने सकाळच्या सभेत माझं पत्रक एका हातात धरलं, स्कॅनचा रिपोर्ट दुसऱ्या हातात, आणि दोन्ही वाचून दाखवले. कवटी शाबूत. लोक हसले. काकांच्या गँगमधला, त्यांना मामा म्हणणारा एक जण म्हणाला म्हणे, ‘मामा नाटक कंपनीत गेला वाटतं.’

दुपारी मी काकांच्या दारात गेले. आत जायची हिंमत होईना. काकूंनी हाताला धरून आत घेतलं. काका अंधारात भिंतीला टेकून बसले होते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते अगदी सावकाश, एकेक शब्द निवडत बोलले.

‘तू मला मोठं केलंस, पोरी. माझं छोटंच आहे. छोटं आहे म्हणून तर कुणाला दिसत नाही. तू तेच खोडलंस.’

मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी राहू दे, कागद घे. आणि त्यांनी दुसरं पत्रक सांगितलं. मी लिहून घेतलं. मध्ये दोनदा त्यांना धागा सापडेना, तेव्हा आम्ही थांबलो. काकूंनी दार लावून घेतलं, म्हणजे गल्लीतला आवाज आत येणार नाही. तासाभराने जे तयार झालं ते एवढंच होतं:

‘मी सिग्नलमन आहे. माझ्या डोक्याला थोडा मार बसला. कवटी फुटलेली नाही. आधीच्या पत्रकात तसं लिहिलं ते चूक आहे. मला दिसतं, ऐकू येतं, चालता येतं. पण गोंगाटात माझा हात उशिरा उठतो. घरी चहाचा कप भरताना मी स्वतः ते पाहिलं आहे. सोमवारी सकाळी मी ते सगळ्यांना दाखवीन. बघायला या.’

छापखान्यात बाबांच्या मित्राने मजकुराचा कागद पालथा करून पाहिला आणि विचारलं, ‘बाकीचं कुठंय? उद्गारचिन्ह तरी?’ मी म्हटलं, एवढंच आहे.

सोमवारी मला आत सोडलं नाही. मी कुंपणाच्या दोन पत्र्यांमधल्या फटीला डोळा लावून उभी राहिले. शेजारी चहावाली मावशी उभी होती, तिला दुसरी फट मिळाली होती.

त्या गँगमध्ये एक जुनी रीत होती. नवा सिग्नलमन घ्यायचा तर त्याची परीक्षा व्हायची. जमिनीवर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा. क्रेनला रिकामा ड्रम लावायचा. नव्या माणसाने हाताच्या इशाऱ्यावर तो ड्रम खाली आणून ग्लासच्या चार बोटं वर थांबवायचा. ग्लास फुटला तर माणूस नापास. आजवर ही परीक्षा घेणारे काकाच होते. त्या दिवशी त्यांनी मावशीकडून ग्लास मागवले आणि परीक्षेला स्वतः उभे राहिले.

केबिनमध्ये त्यांचा नेहमीचा ऑपरेटर होता, आझमगढचा. सहा वर्षं तो काकांच्या हातावर क्रेन चालवत होता.

पहिल्यांदा सगळे शांत उभे राहिले. काकांचा हात फिरला, ड्रम उतरत आला, पंजा आडवा झाला आणि ड्रम थांबला. चार बोटं. चहा हललाही नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेफ्टी ऑफिसर हसून म्हणाला की झालं तर मग, कामाला लागा.

काका म्हणाले, ‘साहेब, आपलं काम असं शांततेत कधी चालतं?’

त्यांनी सिमेंटचा मिक्सर चालू करायला सांगितला. दोन माणसं जवळ बोलावली. एकाने मागून बेल्टबद्दल विचारत राहायचं, दुसऱ्याने बाजूने हाका मारायच्या, रोज होतं तसंच. ड्रम पुन्हा उतरायला लागला.

मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. त्यांना कळलं होतं. नजर ग्लासवर होती, आता थांबवायचं हे त्यांच्या डोळ्यांत आलं होतं. पण हात तिथेच होता. मग तो उठला. तोवर ग्लास गेला होता. मिक्सरच्या आवाजात काच फुटल्याचं ऐकूही आलं नाही, फक्त चहा मातीत पसरताना दिसला.

काकांनी दुसरा ग्लास ठेवायला सांगितला. तोही फुटला. तिसरा मागितला तेव्हा मावशी माझ्या शेजारी पुटपुटली, ‘बस कर की रे बाबा, काय सगळे फोडतो?’ आणि पदराने डोळे पुसले. मला वाटतं ती ग्लासांसाठी रडत नव्हती. तिसराही गेला.

मग मिक्सर बंद झाला. कुणी हसत नव्हतं. काकांनी हेल्मेट काढलं, सेफ्टी ऑफिसरकडे बघितलं आणि साध्या आवाजात म्हणाले, ‘साहेब, ह्या ग्लासच्या जागी माणूस असतो.’

ऑफिसर वाईट माणूस नव्हता. त्याने हातातला फिटचा कागद पाहिला, म्हणाला की कागदावर तर तुम्ही फिट आहात. हे तो कुणाला सांगत होता ते त्यालाच ठाऊक.

तेवढ्यात ऑपरेटरने क्रेन बंद केली आणि तो खाली उतरला. पाळी चालू असताना ऑपरेटर खाली उतरत नाही. तो काकांच्या समोर येऊन उभा राहिला, त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ऑफिसरला म्हणाला, ‘साब, अब मैं इस हाथ पे नहीं चलाऊँगा। जिस दिन मामा खुद बोलेंगे, उस दिन चलाऊँगा।’ ज्याने शनिवारी नाटक कंपनीचा टोमणा मारला होता तोही हेल्मेट काढून खाली बसला. मग एकेक करून सगळी गँग बसली.

मोर्चे मी लहानपणापासून पाहिलेत. मला हवंय, मला द्या, असं सगळे म्हणतात, आणि म्हणायलाच हवं. पण वीस वर्षांचं आपलं कसब आता आपल्याकडे नाही, हे चारचौघांत सिद्ध करण्यासाठी उभा राहिलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. कागद त्यांना पूर्ण म्हणत होता. ते म्हणत होते, मी थोडा कमी आहे, ते मान्य करा, नाहीतर कुणीतरी मरेल.

दीड दिवस काम बंद राहिलं. मग काकांना सामानाच्या गोदामात बसवलं, बेल्ट तपासायला. त्यांच्याच पगारावर. आणि गँगने आपला एक नियम करून टाकला. कुणी छापला नाही, कुणी सही केली नाही. डोक्याला झटका बसला, लहान असो की मोठा, की माणसाने तिथल्या तिथे काम सोडून बसायचं. कुणी त्याला भित्रा म्हणायचं नाही. आणि परत यायचं तर कागद दाखवून नाही, मिक्सर चालू ठेवून ग्लासची परीक्षा देऊन.

काका हळूहळू सुधारले. ट्यूबलाइट चालायला लागली. काकूंना टोमणे परत मारता यायला लागले. ‘मीठ मी घातलंय, तुम्ही फक्त जेवा,’ असं त्या म्हणायच्या आणि काका हसायचे. आमची गल्लीही शिकली. त्यांच्या दारात गेलं की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, एक बोलायची, बाकीच्या थांबायच्या. आमच्या गल्लीला ओळखत असाल तर हा चमत्कार तुम्हाला कळेल.

सात महिन्यांनी त्यांनी पुन्हा परीक्षा दिली. गोंगाटात तीन ग्लास. दोन वाचले, एक फुटला. ऑपरेटरला वाटलं, जमलं. गँग म्हणाली, मामा, इतकं चालतं, आमचेही हात कधी चुकतात. मी तर कुंपणाबाहेर उभ्या उभ्या पत्रकाचा मथळाही मनात जुळवला होता. काकांनी फुटलेल्या काचा गोळा केल्या, कागदात बांधल्या आणि विचारलं, ‘ह्या तिसऱ्याच्या जागी तुमच्यातला कोण उभा राहतो, बोला.’ त्यानंतर त्यांनी पुन्हा परीक्षा मागितली नाही.

तिथलं काम पुढे सरकलं, गोदामही हललं. दिवाळीनंतर काका आणि काकू वाशीमकडे निघून गेले, काकूंच्या भावाकडे. तिथे शांतता असते म्हणाले. तिसऱ्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. फोनवर काका थोडंच बोलतात, पण नीट बोलतात. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, अजून ओरडतेस का? मी म्हटलं, जरा कमी.

गेल्या महिन्यात मी भांडुपच्या गेटवर पत्रकं घेऊन उभी होते. त्याच कामाचा पुढचा टप्पा, माणसं बरीचशी नवी. गेटजवळच एक झारखंडचा मजूर वाकून बेल्ट सोडवत होता. उठताना त्याचं डोकं वरच्या पाइपावर आपटलं. हेल्मेट होतं. जवळच्या कुणाचं लक्षही गेलं नाही. तो स्वतःच दोन पावलं बाजूला झाला आणि सावलीत सिमेंटच्या गोणीवर जाऊन बसला. सुपरवायझर आला, काय झालं म्हणून विचारलं. तो म्हणाला, ‘सर पे लगा है। थोड़ा सा।’

सुपरवायझरने घड्याळ पाहिलं. वर अर्धवट उचललेलं ओझं होतं, ते खाली घ्यायला लावलं आणि क्रेन थांबवली.

मी त्या मजुराजवळ गेले, बसायला कुणी सांगितलं म्हणून विचारलं. ‘यहाँ का नियम है, दीदी,’ तो म्हणाला. कुणी केला हा नियम, ते त्याला माहीत नव्हतं. तो काकांना कधी भेटलाही नव्हता.

काकांचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. वाशीमचा कोण माणूस, काय झालं, सगळं त्याला सांगायचं होतं. पण त्याने डोळे मिटून घेतले होते. अशा वेळी डोक्याला शांतता लागते. मी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि आवाज न करता बाजूला झाले.